अन्न किती दुरून येते याला महत्त्व किती?

प्रश्न : जवळपास पिकलेले अन्न घेतल्याने पर्यावरणाचे आणि समाजाचे हित होते, तर देशभर पसरलेल्या पुरवठा साखळीमुळे दोहोंची हानी होते, असे वारंवार वाचनात येते. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : पर्यावरणापुरते हे मत बरेच दुबळे आहे, समाजाबाबत ते काही अटींवर खरे आहे. मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश अन्नव्यवस्थेतून येतात, पण त्यांतील मोठा हिस्सा शेतात आणि शेतीसाठी जंगल तोडताना निर्माण होतो. रवंथ करणारी जनावरे मिथेन सोडतात, तर नत्रखतांमुळे सुटणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. वाहतुकीचा वाटा मात्र अनेक अभ्यासांत १० टक्क्यांहून कमी आढळतो. त्यामुळे इंधन जाळून उबदार ठेवलेल्या हरितगृहातील जवळची भाजी, उघड्या शेतात पिकून जहाजाने आलेल्या भाजीपेक्षा अधिक प्रदूषणकारी ठरू शकते. विमानाने येणारा नाशवंत माल हा अपवाद. तेथे अंतराची धास्ती रास्त आहे.

शेतकऱ्याने थेट विक्री केली, तर मध्यस्थाचा हिस्सा त्याच्याकडे राहतो आणि भाव ठरवताना त्याच्या शब्दाला वजन येते, हे खरेच. परंतु प्रतवारी, साठवण आणि ने-आण ही मध्यस्थाची कामेही त्याच्याच घरावर येतात, आणि त्यांतील बराच भार कुटुंबातील स्त्रिया विनामोबदला उचलतात, ज्याची नोंद हिशेबात क्वचितच होते. शेतमजुराला पुरेशी मजुरी मिळाली की नाही, हेही शेत जवळ असल्यावरून कळत नाही.

राष्ट्रीय व्यवस्थेचे मोल दुष्काळात कळते. अवघा परिसर एकाच वेळी कोरडा पडतो तेव्हा स्थानिक बाजार कितीही चांगला असला तरी रिकामाच राहतो, आणि दूरच्या प्रदेशातील धान्य व सरकारी साठाच उपयोगी पडतो. याच व्यवस्थेला एकसारखा, टिकाऊ आणि प्रचंड प्रमाणातला माल सोयीचा असल्याने पिकांचे वाण कमी होत जातात व लहान शेतकरी बाहेर फेकला जातो, हा तिचा खरा दोष आहे. माझ्या मते टीका येथे व्हायला हवी, लांबच्या प्रवासावर नव्हे.

ग्राहक म्हणून आपण काय करावे, असा प्रश्न यातून निघेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, व त्यातील सुमारे ६० टक्के नासाडी घरांत झाली. अन्न कोठून आले हे विचारण्याआधी आपण त्यातले किती टाकतो हे पाहावे.