वर्षभर फक्त काळा

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला. आता मी एका कारखान्यात संगणकावर चादरींच्या जेकार्डची नक्षी तयार करते आणि रात्री घरी चित्रे काढते. दिवसभर लाल, हिरवा, पिवळा पाहून डोळे शिणतात, म्हणून एक वर्ष फक्त काळ्या रंगात काम करायचे मी ठरवले. पण दोन महिन्यांतच गाडी अडली. कागदावर काळा लावला की तो मेल्यासारखा दिसतो. त्यात आई म्हणते, दिवेलागणीला घरात काळे रंगवत बसणे अशुभ. एकाच रंगातून खरोखर काही सुचते का, की मी हट्टाने वेळ घालवते आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हट्ट सोडू नका. अडचण काळ्या रंगात नसून तुम्ही तो बाटलीतून थेट कागदावर घेता यात आहे, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. काजळीपासून केलेला काळा निळसर असतो आणि हाडांच्या कोळशाचा काळा तपकिरीकडे झुकतो. दोन्हींत पांढऱ्याचा एकेक थेंब घालून शेजारी शेजारी पट्टे ओढा. एकाची राखाडी पावसाळी आभाळासारखी थंड दिसेल, तर दुसरीची चुलीतल्या राखेसारखी उबदार. तिसरा काळा गडद निळा आणि गडद तपकिरी मिसळून स्वतः तयार करा. तो कमी-अधिक प्रमाणाने हवा तिकडे वळवता येतो, म्हणून माझ्या मते बाटलीतल्या काळ्यापेक्षा तो केव्हाही सरस आहे.

चौथा काळा मात्र हाताने करून पाहावा असा आहे. तुमच्या घरी तेलुगू बोलत असतील तर कलमकारी, म्हणजे कापडावर कलमाने चित्रे काढण्याची आंध्रकडची कला, हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. त्या कामातला काळा विकतचा नसतो. गंजलेले लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून ते मिश्रण दोन-तीन आठवडे आंबू देतात. सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात आणि मग आंबलेले ते पाणी कलमाने त्यावर लावतात. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा कलमातून उतरणारे पाणी गढूळ, मळकट होते आणि काही चुकले असे वाटून मी हात आवरणार होते. तेवढ्यात ओढलेली रेघ डोळ्यांदेखत राखाडी झाली, मग जांभळट आणि अखेर काळी. हिरड्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि आंबलेल्या पाण्यातले लोह यांचा संयोग होतो, म्हणून हा रंग कापडावरच जन्माला येतो. तो जन्मताना एकदा पाहिल्यावर तुम्ही काळ्याला मेलेला म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे.

तुमच्या व्यवसायाशी थेट नाते सांगणारी एक घटना आहे. पॅरिसमधील गोब्लँ या कारखान्यात विणकर मागावर भित्तिचित्रे विणत असत आणि तेथील रंगाई विभागाची जबाबदारी १८२४ मध्ये शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठी दिलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने इतर ठिकाणचे काळे धागे मागवून ताडून पाहिले, तेव्हा रंगाईत काहीच खोट निघाली नाही. शेजारच्या निळ्यामुळे डोळ्याला त्या काळ्यावर नारिंगीची झाक भासत होती आणि त्यामुळे तो दुबळा वाटत होता. त्यातून त्याने शेजारी रंगांच्या परस्परपरिणामाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तुम्ही हे रोज हाताळता : काळा आडवा बाणा पांढऱ्या उभ्या ताण्यावर एक दिसतो आणि लाल ताण्यावर दुसराच. म्हणून केवळ काळ्यात काम करतानाही कागद बदलत राहा. हातकागद, वर्तमानपत्र, पिवळट पुठ्ठा, न रंगवलेली मांजरपाटाची चिंधी, या प्रत्येकावर तोच काळा निराळा वागेल.

आता सुचण्याविषयी. घरात बसून काळ्याचा विचार केल्याने फारसे काही सुचणार नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी मंगळवेढ्याच्या शिवारात जावे. ज्वारीच्या त्या काळ्या रानाला मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि कोरडी ढेकळे काळी नसून करडी दिसतात. पहिला वळीव पडला की तेच रान एका तासात काळेभोर होते, आणि नांगराच्या फाळाने उलटलेल्या मातीची बाजू उन्हात चकाकते. पंढरपूरच्या वाटेवर एखाद्या मेंढपाळाचे घोंगडे उन्हात धरून पाहा : काळ्या मेंढीच्या लोकरीची टोके उन्हाने तपकिरी झालेली असतात आणि मुळाशी काळा शाबूत असतो. असे फरक शब्दांत टिपून ठेवा, ते कामाला येतात.

या वाटेने गेलेले चित्रकारही आहेत. अकबर पदमसी यांनी १९५९-६० च्या सुमारास बाकीचे रंग बाजूला ठेवून केवळ करड्या छटांत मोठी चित्रे केली. फ्रान्सच्या पिएर सुलाज यांनी १९७९ पासून पुढे सारा कॅनव्हास काळ्याने भरला. त्यांनी जाड रंगात खोबणी आणि कंगोरे काढले, त्यामुळे एका बाजूने आलेला उजेड त्यांवर अडतो, सरकतो आणि बघणारा हलला की चित्रही बदलते. म्हणूनच तुमचा काळा सपाट लावू नका. कंगवा, झाडूची काडी किंवा जुनी कांडी ओल्या रंगातून ओढून पाहा आणि दिवा समोर न ठेवता कडेला ठेवा.

आईंचा मुद्दा मला हलका वाटत नाही. घरातल्या ज्येष्ठांना दुखवून केलेल्या कामात मन रमत नाही. त्यांना विठ्ठलाच्या सावळ्या रूपाची आठवण द्या, लेकराच्या गालावरच्या तिटेची द्या. विशेषतः संक्रांतीची द्या : आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातले भक्त नंदीध्वजाच्या उंच काठ्या घेऊन निघतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काळी चंद्रकळा नेसलेल्या बायका उभ्या असतात. तुमचे पहिले मोठे चित्र त्या मिरवणुकीचे असावे असे मला वाटते. पांढरा लावूच नका, बाराबंदीच्या जागी कागद कोरा सोडा. आणि दिवेलागणीचा अर्धा तास काम थांबवा, तेवढे आईंसाठी.

प्रश्न : माझा ८ वर्षांचा मुलगा झाड, गाय, घर, सगळे निळ्यानेच रंगवतो. त्याला समजवावे का?
— एक वडील, बार्शी

उत्तर : समजवू नये, विचारावे. पिकासोने १९०१ ते १९०४ या काळात जवळपास निळ्यातच चित्रे केली, आणि त्या काळातली उदासी त्या निळ्यातून उतरली; तुमच्या मुलाच्या निळ्यात आनंदही असेल. ही गाय कोणत्या वेळची, सकाळची की रात्रीची, एवढेच त्याला विचारा आणि पुढच्या वेळी आकाशी, मोरपंखी आणि नीळ अशा तीन वेगळ्या निळ्या खडूंचे तुकडे त्याच्यापुढे ठेवा.