आईवडिलांसाठी मुंबईत पंचतारांकित हॉटेल निवडताना काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने त्यांना कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईत आणायचे आहे आणि तीन रात्री उत्तम पंचतारांकित हॉटेलात ठेवायचे आहे. वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे, खिडकीतून समुद्र दिसावा अशी आईंची इच्छा आहे, सिद्धिविनायकाचे दर्शन आणि पार्ल्याच्या मावशींकडचे एक जेवण ठरलेले आहे. विमानतळाजवळची हॉटेले दक्षिण मुंबईपेक्षा स्वस्त दिसत असल्याने तिथेच उतरावे काय, असे आपण विचारले आहे.

मी हॉटेल व्यवसायातला नाही. मात्र एका कंपनीच्या प्रशासन विभागात वीस वर्षांहून अधिक काळ बाहेरगावच्या पाहुण्यांच्या निवासाची व्यवस्था माझ्याकडे होती, आणि त्या काळात ज्या तक्रारी कानावर आल्या त्यांपैकी गादी, जेवण किंवा नोकरवर्ग यांविषयीच्या अगदी थोड्या होत्या. बहुतेक तक्रारी चुकीच्या भागात उतरवल्याच्या किंवा चुकीची खोली दिल्याच्या होत्या. म्हणून मी आधी भाग ठरवतो, मग खोली, आणि हॉटेलचे नाव सर्वांत शेवटी.

मुंबईतील उंची हॉटेले ढोबळमानाने तीन पट्ट्यांत विखुरलेली आहेत. दक्षिणेला अपोलो बंदरावरचे ताज महाल पॅलेस आणि नरिमन पॉइंटला एकमेकांना लागून उभी असलेली ओबेरॉय व ट्रायडंट. मध्यावर लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातले सेंट रेजिस, वरळीचे फोर सीझन्स आणि परळचे आयटीसी ग्रँड सेंट्रल. आणि उत्तरेला वांद्र्याच्या बँडस्टँडवरचे ताज लँड्स एंड, बीकेसीतील (वांद्रे-कुर्ला संकुलातील) सोफिटेल आणि दुसरे ट्रायडंट, जुहूच्या किनाऱ्यावरचे जेडब्ल्यू मॅरियट, तसेच सहारला विमानतळाच्या आसपास लीला, आयटीसी मराठा आणि इतर. सहारची हॉटेले दर्जाने उणी मुळीच नाहीत. आयटीसी मराठाच्या पेशावरीत मी स्वतःच्या खिशातून अनेकदा जेवलो आहे आणि पुन्हा जेवेन. परंतु ती पहाटेच्या विमानासाठी किंवा अंधेरीतल्या कामासाठी उतरणाऱ्यांची हॉटेले आहेत. (आता डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला असल्याने विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळ कोणता ते पाहूनच सहारचा विचार करावा.) आपण तर रेल्वेने येऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणार आहात. तेथून सामानासह सहारपर्यंत जायचे, आणि गेटवे, मरीन ड्राइव्ह व म्युझियम पाहण्यासाठी रोज तेवढेच अंतर परत कापायचे, म्हणजे खोलीभाड्यात वाचलेले पैसे टॅक्सीत घालवायचे आणि वडिलांचे गुडघे मोटारीत आखडून ठेवायचे.

दक्षिणेत राहिल्यास पार्ले दूर पडेल, ही आपली शंका योग्य आहे, पण ती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा १०.५८ किलोमीटरचा कोस्टल रोड आता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडला गेला आहे, त्यामुळे वांद्र्यापर्यंतचा प्रवास सिग्नलांवाचून होतो. कोंडी लागते ती वांद्र्याच्या पुढे. म्हणून मावशींकडे संध्याकाळी सातला पोहोचायचे असेल तर साडेसहाला नव्हे, चार वाजता निघावे आणि तिकडेच चहा घ्यावा. सिद्धिविनायकासाठी मी मोटारीपेक्षा मेट्रोचा विचार करेन : आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, हुतात्मा चौक व विधान भवन ही स्थानके दक्षिणेकडच्या हॉटेलांपासून टॅक्सीने जवळ आहेत, सिद्धिविनायक हे स्थानकच त्या मार्गावर आहे, आणि स्थानकांत लिफ्ट आहेत. मंगळवार तेवढा टाळावा. आणखी एक गोष्ट, कारण कोल्हापूरहून येणाऱ्यांना ती नेहमी आयत्या वेळी कळते : वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच घ्यावी लागते.

आता समुद्राविषयी सविस्तर लिहितो, कारण ‘सी व्ह्यू’ हे दोन शब्द वाचून लोक पैसे भरतात आणि कोणता समुद्र, कोणत्या दिशेचा, किती उंचीवरून, हे विचारत नाहीत. मुंबईला दोन्ही बाजूंनी पाणी आहे. ताज महाल पॅलेसच्या समोर बंदर आहे आणि ते पूर्वेला आहे. तेथे सूर्योदय दिसतो, गेटवे ऑफ इंडिया अगदी समोर येतो, घारापुरीच्या लाँचा सुटताना दिसतात आणि सकाळपासून माणसांची वर्दळ सुरू होते. ओबेरॉय आणि ट्रायडंटची समुद्राकडची बाजू पश्चिमेची आहे; तेथून मरीन ड्राइव्हची संपूर्ण कमान आणि सूर्यास्त दिसतो, आणि रात्री दिव्यांची ती ओळख असलेली रांग दिसते. वरळी आणि लोअर परळच्या उंच मजल्यांवरून समुद्र दिसतो खरा, पण तो अनेक इमारतींच्या डोक्यांवरून, दूरचा. जुहूला वाळूचा किनारा आहे, आणि किनाऱ्यासोबत किनाऱ्यावरचा गोंगाटही आहे. आपल्या आईंना पाणी पाहत स्वस्थ बसायचे आहे की पाण्याकाठची माणसे पाहायची आहेत, हे त्यांनाच विचारावे. पहिल्या प्रकारच्या माणसाला नरिमन पॉइंट मानवते, दुसऱ्या प्रकारच्या माणसाला अपोलो बंदर. जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर पश्चिमेची खिडकी घ्यावी. खवळलेला समुद्र मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आपटताना पाहणे यासारखी दुसरी गोष्ट या शहरात नाही. मात्र त्या दिवसांत सूर्यास्ताची आशा धरू नये.

प्रश्नाच्या शेवटी आपण लिहिले आहे की वडील तरुणपणी फोर्टमध्ये दोन वर्षे नोकरीला होते आणि तेव्हा त्यांनी ताज केवळ बाहेरून पाहिले होते. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका वाक्यात आहे. मात्र ‘ताज’मध्ये दोन इमारती आहेत, हे आरक्षणापूर्वी लक्षात घ्यावे. जुनी, घुमटांची इमारत म्हणजे पॅलेस विंग. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले, म्हणजे समोरचा गेटवे १९२४ साली पूर्ण झाला त्याच्या २१ वर्षे आधी. तिच्या रचनेचे मूळ काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, वैद्यांच्या निधनानंतर ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. (इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्याने रचनाकाराने जीव दिला, ही गोष्ट टॅक्सीवाला आपल्याला हमखास सांगेल. ती खरी नाही. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला जाणूनबुजून ठेवलेले होते.) शेजारचा टॉवर १९७३ सालचा आहे. टॉवरमधील खोल्या सामान्यतः स्वस्त असतात, उंचावरून बंदर चांगले दिसते, आणि सोयींत काही उणे नाही. परंतु ज्यांना १९०३ची इमारत आतून पाहायची आहे त्यांना १९७३च्या इमारतीत झोपवणे, हे माझ्या मते बरोबर नाही. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर खोलीच्या नावात ‘टॉवर’ किंवा ‘पॅलेस’ हा शब्द असतो. तो नीट वाचावा, आणि पॅलेसमध्येही खोली समुद्राकडची की शहराकडची हे वेगळे पाहावे.

खर्च वाढतो म्हणून आपण टॉवरकडे वळाल हे मला दिसते आहे. त्याऐवजी मी एक रात्र कमी करेन. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी साडेसातच्या सुमारास पोहोचते आणि परतीची गाडी रात्री आठनंतर सुटते. म्हणजे दोन रात्रींच्या मुक्कामातही आपल्याला तीन पूर्ण दिवस मिळतात. अडचण एकच : उंची हॉटेलांत चेक-इन बहुधा दुपारी दोन किंवा तीनला असते आणि खोली दुपारी बाराला सोडावी लागते. रात्रभर गाडीत झोपलेल्या सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना सकाळी आठला लॉबीत बसवून ठेवणे योग्य नव्हे. त्यामुळे आरक्षण करतानाच सकाळच्या चेक-इनची विनंती लेखी करावी, आणि ‘उपलब्धतेनुसार’ असे उत्तर आले तर त्यावर विसंबू नये. त्याऐवजी ठराविक शुल्क भरून ते निश्चित करता येते का, ते विचारावे. सामान मात्र आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, हॉटेल सांभाळते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. शेवटच्या दिवशी बाराला खोली सोडून, सामान तेथेच ठेवून, दुपारी ताजमधल्याच सी लाउंज या उपाहारगृहात खिडकीजवळचे टेबल आधी सांगून चहा घ्यावा आणि तेथून थेट स्टेशनवर जावे. आपण शेवटी नरिमन पॉइंटचे हॉटेल निवडले, तरी हा चहा चुकवू नये. त्यासाठी तेथे मुक्काम असावा लागत नाही.

गुडघ्यांविषयी एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. आमच्या एका संचालकांच्या मातोश्रींना मी एका नामांकित हॉटेलात उतरवले होते. खोली प्रशस्त होती, फुले ठेवलेली होती, सर्व काही यथासांग होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेकडून कळले की बाईंनी दोन दिवस आंघोळ केलेली नाही, केवळ अंग पुसून काढले, कारण शॉवर उंच काठाच्या बाथटबमध्ये होता आणि तो काठ ओलांडून आत पाय टाकण्याची त्यांना भीती वाटत होती. आणि एवढ्या मोठ्या हॉटेलात अशी गोष्ट कोणाला सांगायची, याचा त्यांना संकोच वाटला. दोष त्या हॉटेलचा जितका, तितकाच न विचारणाऱ्या माझाही होता. तेव्हापासून मी प्रत्येक ज्येष्ठ पाहुण्यासाठी तीन गोष्टी लेखी मागतो : शॉवर वेगळा आणि बिनउंबरठ्याचा असावा, आधाराला दांडी आणि आत बसायला स्टूल मिळावे, आणि खोली लिफ्टच्या जवळ असावी. जुन्या इमारतीत शेवटची अट विशेष महत्त्वाची, कारण तेथील मार्गिका पाहायला सुंदर असतात आणि चालायला लांब. गादी फार मऊ असल्यास कडक गादीची किंवा खाली फळीची व्यवस्था होते का, हेही विचारून ठेवावे.

ताऱ्यांचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. तारांकन केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या समितीकडून होते, ते ऐच्छिक असते आणि पाच वर्षांसाठी दिले जाते. हॉटेलात कोणत्या सोयी आहेत हे त्यावरून कळते, आपल्याला मिळणाऱ्या खोलीची खिडकी कुठे उघडते हे कळत नाही.

बिलाचा हिशेब आधीच मांडून ठेवावा. दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि संकेतस्थळावर ठळक दिसणारा आकडा पुष्कळदा कराशिवायचा असतो. उदाहरणादाखल भाडे २५,००० धरले, तर एका खोलीचे दोन रात्रींचे ५०,००० आणि त्यावर ९,००० कर, असे ५९,००० होतात. आपण शेजारची दुसरी खोली घेणार असाल तर १,१८,०००. अशा हॉटेलांतील उपाहारगृहांतही खाण्यावर १८ टक्के कर असतो, तर बाहेरच्या साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. बिलात सेवाशुल्क वेगळे लावलेले आढळले तर ते ऐच्छिक आहे, हे सौम्यपणे सांगावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या उचलून धरल्या आहेत. चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत रक्कम अडकवली जाते आणि ती सुटायला काही दिवस लागू शकतात, म्हणून त्या कार्डाची मर्यादा मोकळी ठेवावी.

न्याहारी मात्र भाड्यात धरूनच घ्यावी. वेगळी घेतल्यास महाग पडते, आणि ज्येष्ठांना सकाळी बाहेर कुठे खाण्यासाठी न्यावे लागत नाही. बुफेत ‘मिसळ’ अशी पाटी दिसली तरी कोल्हापूरकरांनी तिच्या वाटेला जाऊ नये. इडली, पोहे, फळे आणि अंडी यांवर समाधान मानावे.

आरक्षण झाल्यावर हॉटेलला एक ई-मेल पाठवावा. त्यात लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असल्याचे, कोणत्या विंगमधील आणि कोणत्या दिशेची खोली घेतली आहे त्याचे, वर सांगितलेल्या तीन गोष्टींचे आणि गाडी पोहोचण्याच्या वेळेचे स्पष्ट उल्लेख असावेत. येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन करून तोच मजकूर पुन्हा वाचून दाखवावा, कारण खोल्यांचे वाटप बहुधा त्याच सुमारास होते, आणि फोनवर बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.