स्वाहिलीचे नामवर्ग कसे ओळखायचे आणि क्रियापद कुठे तोडायचं

स्वाहिलीत 'अठरा लिंगं' असतात हे वाचून धास्तावला असाल, तर आधी तो आकडा. ही लिंगं म्हणजे नामवर्ग, नामांचे गट; विशेषण आणि क्रियापद नामाच्या वर्गाप्रमाणे बदलतात. बांटू भाषांच्या (स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुळात येते त्या) व्याकरणात वर्गाच्या एकवचनाला आणि अनेकवचनाला वेगळे क्रमांक देतात. ही पद्धत १९व्या शतकात भाषाभ्यासक ब्लीक यांनी सुरू केली. स्वाहिलीत १२ आणि १३ हे क्रमांक रिकामेच आहेत, १५ ते १८ क्रियानाम आणि स्थळ यांसाठी. प्रत्यक्षात एकवचन-अनेकवचनाच्या सहाएक जोड्या लक्षात ठेवायच्या असतात.

'किताबु किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे मोठं पुस्तक पडलं आहे. अनेकवचन: 'विताबु विकुब्वा विमेआंगुका'. मराठीत 'मोठी वही पडली' म्हणताना मेळ शब्दाच्या शेवटी दिसतो, इथे सुरुवातीला. पण नामाचा उपसर्ग बघून वर्ग ठरवू नका, नवशिके तिथेच फसतात. 'किबोको' (पाणघोडा) दिसतो 'कि'वाला, तरी सजीव असल्यामुळे 'किबोको म्कुब्वा आमेआंगुका', माणसासारखाच. 'गारी' (हो, आपली गाडीच) हिला उपसर्गच नाही. वर्ग कळतो क्रियापदातल्या 'लि'वरून: 'गारी कुब्वा लिमेआंगुका', अनेकवचनी 'मागारी माकुब्वा यामेआंगुका'. 'उकुता' (भिंत) तर विशेषणाला 'म्' लावते आणि क्रियापदाला 'उ': 'उकुता म्कुब्वा उमेआंगुका'. अनेकवचनात 'उ' गळतो: 'कुता कुब्वा झिमेआंगुका'.

म्हणून नुसते शब्द पाठ करणं वाया जातं. वहीत प्रत्येक नाम 'कुब्वा' (मोठं) आणि 'आंगुका' (पडणं) जोडून दोन्ही वचनांत लिहा. अर्थ विचित्र झाला तरी चालेल, मेळ पक्का होतो.

क्रियापद डावीकडून तोडा: नकार, कर्ता, काळ, कर्म, धातू, शेवटचा स्वर. 'हावाताकिसोमा': हा-वा-ता-कि-सोम्-आ, 'ते लोक ते (पुस्तक) वाचणार नाहीत'. वर्तमानाच्या नकारात मात्र काळाची जागा रिकामी राहते आणि शेवटचा 'आ' जाऊन 'इ' येतो: 'हावाकिसोमि'. काळाचा प्रत्यय शोधत बसलात तर इथे अडकाल.

सगळ्यात जास्त गोंधळ 'कि' घालतो, कारण तो तीन जागी येतो. 'निनाकिसोमा' मध्ये तो कर्म आहे: मी ते वाचतो आहे. 'निकिसोमा' मध्ये तो काळाच्या जागी आहे: मी वाचलं तर. 'निकिकिसोमा' मध्ये दोन्ही: मी ते वाचलं तर. आणि 'किकिआंगुका' मध्ये पहिला 'कि' कर्ता, दुसरा 'तर'वाला: ते (पुस्तक) पडलं तर. 'कि' दिसला की अर्थ लावण्याआधी तो कितव्या जागी आहे ते मोजा.