अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या क्रिस्टीन ग्रँट यांच्यासारखं कोचिंग सोडून प्रशासनात जावं का?

घ्या ते पद. कोणाला विचारत बसू नका, मलासुद्धा.

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात मुलींना हॉकी शिकवता, झोनच्या क्रीडा समितीचं सचिवपद चालून आलंय आणि तुमचे वरिष्ठ म्हणतात, 'फायलीत गेलेला कोच संपला.' अगदी हेच मला १९९३ साली माझ्या सरांनी ऐकवलं होतं. तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजात होते, खो-खोचा संघ चांगला बांधला होता. सरांनीच मला मैदानावर आणलेलं, त्यांच्या शब्दाबाहेर कशी जाणार? मी पदाला नाही म्हणाले. सचिव झाले एक क्रिकेटवाले गृहस्थ.

पुढच्याच वर्षी झोनच्या स्पर्धा आमच्याकडे. पहाटे साडेपाचला मी आणि दोन मुली फक्की मारायला बसलो. दोरी ताणायची, डालड्याच्या डब्याला भोकं पाडलेली, त्यातून फक्की सोडत मागे मागे सरकायचं. आठही पाट्या झाल्या, खांब रोवले. नऊला सामना. साडेआठला रोलर आला. त्याच मैदानावर मुलांची क्रिकेट मॅच, आणि वेळापत्रकाखाली सचिवांची सही. माझ्या डोळ्यांदेखत रोलर फक्कीवरून गेला. एक मुलगी खांबाला धरून उभी राहिली, हलेचना. तिला वाटलं, खांब उभा आहे तोवर मैदान आपलं. शेवटी मीच तिला बाजूला घेतलं. सामना दुपारी दोनला, कडेच्या मुरमावर झाला, चार जणींचे गुडघे फुटले. जिंकलो, पण ते सोडा. तक्रार करायची तर कोणाकडे? सचिवांकडे!

ग्रँटबाई मला फार उशिरा कळल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलाकडे अमेरिकेत, आयोवात होते. तो मला किनिक स्टेडियमवर घेऊन गेला. मैदान फुटबॉलचं, म्हणजे त्यांच्या अमेरिकी फुटबॉलचं. त्यावर लाकडी कोर्ट अंथरलेलं, वारा झोंबणारा, आणि मुलींचं बास्केटबॉल बघायला ५५,६४६ माणसं. तीही हंगामाआधीच्या मैत्रीपूर्ण सामन्याला. जो तो आयोवा संघाच्या स्टार खेळाडूचं, केटलिन क्लार्कचं नाव घेत होता. मुलगी अफाटच आहे, वाद नाही. पण मी मुलाला विचारलं, 'अरे, हे मैदान मुलींना दिलं कोणी?' त्याला प्रश्नच कळला नाही.

घरी येऊन शोधलं. क्रिस्टीन ग्रँट मूळच्या स्कॉटलंडच्या, १९३६ चा जन्म, आणि तुमच्यासारख्याच हॉकीवाल्या. तिथे शाळेत शिकवलं, मग कॅनडात हॉकीचं कोचिंग केलं, नंतर आयोवा विद्यापीठात शिकायला आल्या. १९७३ ते २००० तिथल्या महिला क्रीडा विभागाच्या संचालक. विभाग स्वतंत्र होता, पुरुषांच्या विभागाचं शेपूट नव्हता, हे महत्त्वाचं. १९८३ मध्ये त्यांनी बास्केटबॉलच्या कोच म्हणून व्हिव्हियन स्ट्रिंगरना आणलं. स्ट्रिंगरनी चेनी नावाच्या लहानशा कॉलेजला आदल्याच वर्षी राष्ट्रीय अंतिम फेरीत नेलं होतं. दोन वर्षांत, फेब्रुवारी १९८५ मध्ये, ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ लोक आले. बंदिस्त सभागृह, क्षमता पंधरा हजारांच्या आसपास! १९८६ मध्ये मुलींनी हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. आता सांगा, फायलीत जाऊन कोच संपला का?

हरल्यासुद्धा, आणि मोठं हरल्या. मुलींच्या कॉलेज स्पर्धा चालवायला बायकांनीच १९७१ मध्ये स्वतःची संघटना काढली होती, एआयएडब्ल्यू. शिक्षण आधी, खेळाडू पळवापळवीवर बंधनं, असे तिचे नियम. ग्रँटबाई १९८०-८१ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या, आणि नेमकं तेव्हाच पुरुषांच्या कॉलेज स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने मुलींच्या स्पर्धा आपल्याकडे ओढल्या. शिक्षणात मुलामुलींत भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यातून पैसा मिळवणारे खेळ वगळावेत म्हणून वॉशिंग्टनला खेटे घालणारी हीच संस्था! तिने प्रवासखर्च देऊ केला, कॉलेजं तिकडे वळली, टीव्हीचा करार गेला. १९८२ मध्ये एआयएडब्ल्यूचं काम थांबलं आणि १९८३ मध्ये कोर्टातही हार झाली. १९७२ मध्ये मुलींच्या संघांच्या कोचपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पुढे हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. पगार वाढले, पुरुषांचे अर्ज आले, आणि निवडणारेही पुरुषच. आयोवातसुद्धा बाई निवृत्त झाल्या आणि दोन्ही विभाग एक केले गेले.

म्हणून म्हणते, खुर्ची मोकळी ठेवू नका. कोणीतरी बसतंच तिच्यात.

आता जरा थांबून सांगायला हवं. आयोवात मुलींचं बास्केटबॉल आधीपासून घराघरात होतं. तिथल्या शाळांतल्या मुली १९९३ पर्यंत सहा-सहाच्या संघांनी खेळायच्या आणि गावं लोटायची. बाईंना जमीन नांगरलेली मिळाली. हाताशी कायदाही होता. आपल्याकडे सचिवाला बहुधा सही मिळते, पैसा मिळत नाही. आणि सकाळचा सराव सुटेल हेही खरं, सर तेवढ्यापुरते बरोबर होते. तेव्हा हो म्हणायच्या आधी जुन्या संघातल्या एखाद्या मुलीला सराव घ्यायला तयार करा, आणि मैदानाचं वेळापत्रक नक्की कोणाच्या सहीने निघतं ते लेखी विचारा. दुसऱ्याच कोणाच्या सहीने निघत असेल, तर ते पद चहा-बिस्किटाचं आहे, तेव्हा मात्र नको.

कॉलेजचं नाव काय, हॉकीला टर्फ आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे बाकीचं मला सांगता येणार नाही.

सर आता चौऱ्याऐंशीचे आहेत. किनिकचा फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली आकडा लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'छान. पण मैदान फुटबॉलचं दिसतंय. मुलांची प्रॅक्टिस कुठे झाली त्या दिवशी?'