'दोष काढला' म्हणजे सापडला की गेला?

प्रश्न असा आला आहे: विमानातल्या रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणांच्या देखभालीवर विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणं करताना एकाने लिहिलं, "तंत्रज्ञाने व्हीओआर रिसीव्हरमधला दोष काढला." (व्हीओआर हे त्यातलंच एक दिशादर्शक साधन.) दोन सहकाऱ्यांनी ते वाचलं. एकाला वाटलं, दोष कुठे आहे ते कळलं. दुसऱ्याला वाटलं, दुरुस्ती झाली. बरोबर कोण? आणि जाता जाता, 'ट्रबलशूटिंग'ला, म्हणजे बिघाड शोधून तो दुरुस्त करण्याला, 'दोषनिवारण' म्हटलेलं चालेल का?

दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच ते वाक्य बदलायला हवं.

'काढणे' हे क्रियापद मराठी माणूस अक्षरशः राबवून घेतो. मुळात अर्थ एवढाच की आतलं बाहेर आणणं. बाहेर आलेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं, हे क्रियापद सांगत नाही, सोबतचं नाम सांगतं. उणीदुणी, खुसपट, माग यांना काढलं की ती समोर येतात. काटा, गाळ, डाग, तण यांना काढलं की ती जातात. 'चूक' आणि 'दोष' हे दोन शब्द मात्र दोन्ही रांगांत उभे असतात. शिक्षक म्हणाले, "निबंधातल्या चुका काढ", तर मुलाने त्यांखाली रेघ मारायची की त्या सुधारायच्या? दुसऱ्याच्या कामात दोष काढणारा माणूस ते दूर करायच्या भानगडीत पडत नाही. रक्तातला दोष काढणारं औषध मात्र तो दूर करण्याचाच दावा करतं.

विभक्तीकडून थोडी मदत मिळते. 'कामात दोष काढला' म्हणजे दाखवला, 'कामातून दोष काढला' म्हणजे घालवला, आणि 'कामातला दोष काढला' हे तळ्यात-मळ्यात. तुमचं 'रिसीव्हरमधला' नेमकं तिथेच आहे. बरं, 'रिसीव्हरमध्ये दोष काढला' असं लिहावं, तर तंत्रज्ञाने रिसीव्हरला नावं ठेवली असं वाटतं! त्यापेक्षा संयुक्त क्रियापद वापरा. 'शोधून काढला' आणि 'काढून टाकला' यांत घोटाळ्याला जागाच नाही. गंमत म्हणजे दोन्हींत 'काढणे' आहेच. पहिल्यात ते मदतनीस आहे, काम तडीला गेल्याचं सांगणारं, जसं पिंजून काढणं किंवा धुऊन काढणं. दुसऱ्यात ते मुख्य आहे आणि 'टाकणे' मदतीला.

एरवी इतका कीस पाडला नसता, पण या क्षेत्रात 'काढणे'ला तिसराही अर्थ आहे. इथली बहुतेक उपकरणं म्हणजे रॅकमध्ये सरकवून बसवलेले डबे. 'रेडिओ काढला' म्हणजे तो डबा रॅकमधून बाहेर घेतला. त्यामुळे दोष शोधणं, दोष घालवणं आणि डबा उतरवणं अशी तीन वेगळी कामं एकाच क्रियापदाच्या गळ्यात पडतात.

उदाहरण घेऊ. व्हीओआर हे जमिनीवरच्या केंद्रापासून आपण कोणत्या दिशेला आहोत ते सांगणारं साधन, १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालणारं. केंद्राकडून ३० हर्ट्‌झचे दोन संकेत येतात. त्यांतला एक सगळ्या दिशांना सारखाच असतो आणि दुसऱ्याची कला (फेज) दिशेप्रमाणे बदलते. त्या दोहोंतला फरक मोजून रिसीव्हर सुई हलवतो. संकेत भरवशाचा नसेल तर दर्शकावर, म्हणजे सुई असलेल्या तबकडीवर, इशाऱ्याचा झेंडा येतो. आता समजा, वैमानिकाने नोंद केली, "दोन नंबरचा व्हीओआर, वळताना झेंडा येतो." तंत्रज्ञाने दोन नंबरचा रिसीव्हर उतरवला, दुसरा बसवला, चाचणी उपकरणाने संकेत दिला. सुई जागेवर, झेंडा गायब. वहीत शेरा पडला, 'दोष काढला'. दोन उड्डाणांनी झेंडा पुन्हा हजर. कारण डबा मुळात चांगलाच होता. रॅकच्या मागच्या कनेक्टरमध्ये अँटेनाकडून येणाऱ्या तारेची पिन मागे सरकली होती. डबा काढताना-घालताना पिना एकमेकींवर घासल्या, तात्पुरता संपर्क जुळला आणि श्रेय नव्या डब्याला मिळालं.

त्या शेऱ्यात खरा होता तो फक्त तिसरा अर्थ. डबा काढला होता. दोष ना सापडला होता, ना गेला होता.

अशा वेळी जाणते लोक एक आणि दोन नंबरचे सारख्या जातीचे डबे आपापसांत बदलून पाहतात. झेंडा आता एक नंबरवर आला तर दोष डब्यात. तो दोन नंबरवरच राहिला तर दोष तारांत, कनेक्टरमध्ये, अँटेनात किंवा खुद्द दर्शकात. हे मराठीत लिहितानाही जपा. 'दोष डब्याबरोबर गेला' असं लिहिलंत तर घाईत वाचणाऱ्याला फक्त 'दोष गेला' एवढंच दिसेल. 'दोष डब्याबरोबर सरकला' म्हणा.

आता दोषनिवारण. शब्द वाईट नाही, पण ट्रबलशूटिंगचा अर्धा भाग तो गिळतो. निवारण म्हणजे दूर करणं. शोधण्याचा त्यात मागमूस नाही. आणि खरी डोकेफोड शोधण्यातच असते. पिन जागेवर बसवायला काही मिनिटं पुरतात, ती सापडायला दिवस जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर शीर्षकात 'दोषशोध आणि दुरुस्ती' लिहा आणि मजकुरात बेधडक 'बिघाडाचा छडा लावणे' वापरा. 'छडा लावणे'मध्ये चिकाटीने मुळापर्यंत जाणं आपसूक येतं, आणि पुस्तकी वासही येत नाही. बोलताना लोक 'फॉल्ट शोधला' म्हणतात, तेही उत्तम.

'बिघाड' आणि 'दोष' हे शब्दही टिपणांत वेगळे ठेवता येतील. बिघाड म्हणजे आधी नीट चालणारं बिघडणं. ते वागणुकीत दिसतं. दोष त्याच्या मुळाशी असतो आणि पहिल्या दिवसापासूनही असू शकतो. म्हणून आपण 'जन्मजात दोष' म्हणतो, 'जन्मजात बिघाड' कोणी म्हणत नाही. वैमानिक बिघाड नोंदवतो, तंत्रज्ञ दोष शोधतो. झेंडा येणं हा बिघाड, मागे सरकलेली पिन हा दोष.

तिसरा शब्द 'त्रुटी'. व्हीओआरची सुई दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे दाखवत असेल तर ते उपकरण सदोष ठरतंच असं नाही. अमेरिकी नियमांत जमिनीवरच्या तपासणीत ४ अंशांपर्यंत आणि हवेतल्या तपासणीत ६ अंशांपर्यंत फरक चालतो. त्या मर्यादेतली ती त्रुटी. तिच्यापलीकडे गेली की दोष शोधायला लागायचं. मर्यादेतल्या फरकाला 'दोष' म्हटलंत, तर विद्यार्थी चांगली उपकरणं उतरवत बसतील.

रेडिओबाबत तक्रारीच्या शब्दांकडे लक्ष द्या. 'रेडिओ चालत नाही' या वाक्यातून तंत्रज्ञाला जवळपास काहीच कळत नाही. ऐकू येत नाही, की आपलं पलीकडे जात नाही? पलीकडे लहर पोचते पण आवाज नाही, असं असेल तर संशय मायक्रोफोन आणि त्याच्या तारांवर. बोलायचं बटण दाबलेलंच अडकलं असेल तर प्रक्षेपण सतत चालू राहतं आणि त्या वारंवारितेवर इतरांचीही पंचाईत होते. फोनसारखं 'रेडिओ लागत नाही' म्हणणारेही आहेत, आणि मला ते 'चालत नाही'पेक्षा बरं वाटतं, कारण त्यात निदान संपर्क होत नाही एवढं तरी नक्की होतं. विद्यार्थ्यांना मात्र 'ऐकू येत नाही' आणि 'ऐकू जात नाही' एवढी जोडी शिकवा. एका अक्षराच्या फरकाने शोधाची दिशा बदलते.

शेवटी एक शेरा, जो तुमच्या टिपणांत कुठेतरी येणारच. उतरवलेला डबा कार्यशाळेत गेला, तिथे सगळ्या चाचण्यांत पास झाला, तर चिठ्ठीवर काय लिहायचं? 'दोष नाही' असं भाषांतर मी पाहिलं आहे. ते नको. 'दोष आढळला नाही' लिहा. पहिलं विधान डब्याबद्दल आहे, दुसरं चाचणीबद्दल. थंडीत किंवा हादऱ्यांतच डोकं वर काढणारा दोष टेबलावर, स्थिर आणि उबदार खोलीत, दिसेलच असं नाही. म्हणून त्या शेऱ्यापुढे चाचणी कोणत्या परिस्थितीत घेतली तेही नोंदवायला सांगा, आणि मूळ तक्रार वैमानिकाच्या शब्दांत जशीच्या तशी चिठ्ठीवर उतरवा, 'वळताना' या शब्दासकट.