पहिला किलोमीटर हातचा राखून पळा

प्रश्न : रोज पहाटे रंकाळ्यावर 5 किलोमीटर 38 मिनिटांत आरामात पळतो. स्पर्धेत मात्र पहिला किलोमीटर 6 मिनिटांत गेला आणि तिसऱ्यानंतर चक्क चालावं लागलं. सराव कमी पडला का? (फुलेवाडी)

सराव पुरेसा होता, सुरुवात चुकली. 38 मिनिटं म्हणजे किलोमीटरला 7 मिनिटं 36 सेकंद. तुम्ही त्याहून दीड मिनिट जोरात सुटलात! हलगी कडाडते, शेजारचा सुसाट निघतो, त्या भरात वेग जाणवतच नाही. शिवाय पहिली मिनिट-दोन मिनिटं हृदय आणि फुप्फुसं पायांच्या मागेच असतात. तोवर स्नायू बरीचशी ऊर्जा ऑक्सिजनशिवाय काढतात. दम लागतोय हे कळेपर्यंत पाय जड झालेले असतात, आणि पळता पळता ते सावरणं फार अवघड.

पुढच्या वेळी पहिला किलोमीटर 7:45, पुढचे तीन 7:30 आणि शेवटच्यात उरलंसुरलं सगळं ओता. साडेसदतीस मिनिटांच्या आसपास याल. सुरुवातीला गर्दीत मागे उभे राहा. बिबला (छातीवरच्या नंबरला) वेळ मोजणारी चिप असेल तर बहुतेक ठिकाणी तुमची वेळ सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यावरच सुरू होते. लोक पुढे जातील, जाऊ देत. त्यातले कितीतरी चौथ्या किलोमीटरला भेटतात. 2020 मध्ये जोशुआ चेप्टेगेईने ट्रॅकवर 10,000 मीटरचा 26:11.00 हा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा किंचित वेगवान होता. एवढा कसलेला धावपटू हातचं राखतो, मग आपण का उधळायचं?

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. विद्यापीठाजवळच्या चढावर वेग टिकवायला गेलो की वर पोहोचेपर्यंत संपतो. (सागरमाळ)

चढावर वेग टिकवायचाच नाही, कष्ट टिकवायचे. सपाटीवर जेवढा दम लागतो तेवढाच वर चढतानाही लागला पाहिजे. घड्याळ किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त दाखवेल, दाखवू दे. पावलं छोटी टाक, नजर दहा-पंधरा फूट पुढे ठेव, हात हलते ठेव. माथ्यावर लगेच जोर लावू नकोस, आधी श्वास खाली येऊ दे.

प्रश्न : वय 52. मध्ये मध्ये चालले तर 10 किलोमीटर जमतात, पण स्पर्धेत चालायची लाज वाटते. (राजारामपुरी)

ताई, लाज कसली! अमेरिकेचे ऑलिंपियन जेफ गॅलोवे यांनी 1970च्या दशकापासून हीच पद्धत हजारोंना शिकवली. फक्त दमल्यावर चालू नका, पहिल्या पाच मिनिटांपासूनच चाला : 4 मिनिटं पळणं, 1 मिनिट झपझप चालणं. चालताना रस्त्याच्या कडेला या आणि मागच्याला हात वर करून सांगा. पळताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर आहे. मला ही कसोटी घड्याळापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

प्रश्न : घड्याळात 5 किलोमीटर झाले तरी फिनिश लाइन दूरच! अंतर चुकीचं होतं का? (कसबा बावडा)

बहुधा नाही. प्रमाणित मार्ग वळणांच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. आपण बाहेरून वळतो, माणसांना वळसे घालतो. जीपीएसचीही थोडी चूक असते. वेगाचा हिशेब रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर करा आणि शेवटचा जोर पाटी दिसल्यावरच लावा.