मुलाला सारखे जंत होतात, गोड बंद केलं तरी. काय करू?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांचा मुलगा रात्री शीच्या जागी खाजवतो, दोनदा गोळी झाली, गोडही बंद केलं, तरी महिन्याभरात पुन्हा तेच. आधी त्याचा लाडू त्याला परत द्या. गोडानं जंत होत नाहीत. मी अंगणवाडीत काम करते, तरी माझ्याच मुलीला मी वर्षभर गूळसुद्धा दिला नव्हता. प्रसादाच्या वेळचा तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

रात्रीची खाज म्हणजे बहुधा सुतकृमी, पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे. मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, त्यानं खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि तेच बोट तोंडात जातं. चादरीवर, चड्डीवरही ही अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात, म्हणून शेजारी झोपणाऱ्या बहिणीला आणि तुम्हालाही जंत असू शकतात. गोळी जंत मारते, अंडी मारत नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. कुणी गरोदर असेल किंवा बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

त्या दोन आठवड्यांत खरं काम घरात आहे. नखं अगदी बारीक कापा. रात्री घट्ट चड्डी घाला, सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घाला, म्हणजे रात्रीची अंडी धुऊन जातील. अंथरूण झटकू नका, अंडी उडतात. गुंडाळून उचला आणि गरम पाण्यात धुवा. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात, मोठ्यांनीही.

मातीतून येणारे जंत वेगळे. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि रक्त पितो, म्हणून संडासाला आणि शेतात जाताना चप्पल हवीच. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं राहतात, तेव्हा कोथिंबीर, मुळा, गाजर नीट धुवा. २०१५पासून जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी फुकट मिळते, ती चुकवू नका.

एवढं करूनही खाज राहिली, तर सकाळी आंघोळीआधी शीच्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती डॉक्टरांकडे न्या. साध्या शीच्या तपासणीत सुतकृमी बहुतेक वेळा सापडत नाहीत.